रिपोर्ट कोणी उघडला?

बाबा,

तुम्ही जिथे असाल तिथेही दाराला आतून कडी लावूनच बसले असाल, म्हणून आधीच सांगते, मी सुनंदा आहे.

गेल्या सोमवारी आपल्या धंतोलीच्या लॅबमधला कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. पेशंटचे इतक्या वर्षांचे रिपोर्ट त्यात. संध्याकाळी कसाबसा उठला तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "म्याडम, या टाइमले वाचलं. आता बॅकअप क्लाउडवर टाका, नाहीतर मले बोलावू नका." क्लाउड म्हणजे आपल्या रिपोर्टची एक प्रत इंटरनेटवरून दुसऱ्या कोणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायची. तो कुठल्या गावात असतो विचारलं तर धड कोणी सांगत नाही. उद्या एका कंपनीच्या कागदावर सही करायची आहे आणि माझा हात उचलत नाही. म्हणून लिहायला बसले.

संशय घेणं मी तुमच्याकडूनच शिकले ना? आईबापाकडून मुलांच्या रक्तात उतरणाऱ्या सिकलसेलच्या एका रिपोर्टनं विदर्भात ठरलेलं लग्न मोडतं, हे तुम्ही मला लॅबमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमचे चुलतभाऊ वसंतकाका एकदा एका मुलीचा रिपोर्ट बघायला आले. त्यांच्या घरी तिची सोयरीक जमत होती. तुम्ही त्यांना पोहे खाऊ घातले आणि म्हणाले, "पाहाचा असन तं पोरीले घिऊन ये. तिच्या हातात देतो. तिनं दाखवला तं पाह्य." काका उठून गेले ते परत आपल्या घरी आलेच नाहीत.

तेव्हा मी तुमच्यावर केवढी चिडले होते! आपल्या माणसापासून कसली लपवाछपवी, असं तोंडावर विचारलं. तुम्ही गप्प बसले. काहून गप्प बसले, बाबा? तेव्हाच मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

असो. क्लाउडवाला पहिला आला तो टाय लावून. गोड बोलणारा माणूस दिसला की मला आधी पर्स जवळ ओढावीशी वाटते. "डेटा एकदम सेफ, मॅडम," तो म्हणाला आणि किती सोपं आहे ते दाखवायला लॅपटॉपवर दुसऱ्याच एका लॅबचं खातं उघडलं. पेशंटची नावं, वय, कसली तपासणी, सगळं माझ्यासमोर! मी विचारलं, "उद्या माझं असंच कोणाले दाखवाल?" त्याला प्रश्नच कळला नाही. चहासुद्धा विचारला नाही मी त्याला.

दुसरी आली प्रज्ञा. कमी बोलणारी, त्यामुळे तिच्यावर जास्तच संशय आला. मी तिला चांगलं तासभर उलटसुलट विचारलं. तुमच्या कंपनीतलं कोणी रिपोर्ट उघडू शकतं का? नाही म्हणाली, सगळं कुलूपबंद होऊनच जातं, किल्ली तुमच्याकडे, आणि ती हरवली तर आम्हीही काही करू शकणार नाही. इथे चुकून काही पुसलं तर तिथलंही जाईल का? महिनाभर राहतं म्हणाली. तुमच्याकडून काढून घ्यायचं म्हटलं तर? लेखी द्या, सगळं परत देऊन आमच्याकडचं पुसतो. आणि बॅकअप खरंच होतोय हे कशावरून? तर म्हणे, दर महिन्याला एखादा जुना रिपोर्ट परत मागवून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे वाक्य तुम्हाला आवडलं असतं.

मग तिनं मला विचारलं, "मॅडम, तुमच्या इथं रिपोर्ट कोण कोण उघडतं?"

मी आणि लॅबमध्ये माझ्या मदतीला असणारी शोभा. दोघींचा पासवर्ड एकच, आणि तो स्क्रीनलाच चिकटवलेला. प्रज्ञानं तो कागद काढून माझ्या हातात दिला. तिनं कॉम्प्युटरमधून जुने रिपोर्ट कधी कधी उघडले गेले त्याची यादी काढली. यादीत नुसते नंबर आणि तारखा. त्यात एक नंबर दिवाळीनंतरच्या आठवड्यात तीनदा उघडलेला. मागणीच्या वहीत तो नंबर नव्हता, म्हणजे पेशंटनं मागितला नव्हता, डॉक्टरनंही नाही. मी म्हटलं, सापडली चोरी.

प्रज्ञा गेल्यावर मी शोभाला समोर उभं केलं. तुमच्या हाताखाली शिकलेली शोभा! तिला नको नको ते बोलले. ती रडली नाही. म्हणाली, "ताई, त्या आठवड्यात मी भावाच्या लग्नाले गेली होती. लॅबमध्ये तुमीच होत्या."

मग मी तो नंबर उघडला. हुडकेश्वरची ऋतू. बाबा, तुमच्या नातवासाठी, निखिलसाठी, सांगून आलेली मुलगी.

मीच उघडला होता. मला त्यात काही गैर वाटलंच नव्हतं. लॅब माझी, मुलगा माझा. तिच्या रक्तात सिकलसेलचा नुसता अंश आहे, आजार नाही. निखिलचं रक्त मीच तपासलेलं, त्यात तेवढाही नाही. दोघांच्या मुलांना आजार होणारच नव्हता, हे माझ्याइतकं कोणाला कळतं? तरी घरात तो अंशही नको म्हणून मी तिच्या आईला फोन करून सांगितलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही कोणाला दाखवलीसुद्धा नव्हती. निखिल महिनाभर धड जेवला नाही आणि मी त्याला होईल सगळं नीट म्हणत राहिले.

जगभर चोर शोधत फिरले, बाबा. मला तुमच्यापुढे लाज वाटून राहिली.

सही मी प्रज्ञाच्याच कागदावर करणार, पण उद्या नाही. आधी शोभाची माफी मागणार आणि दोघींचे पासवर्ड वेगळे करणार, म्हणजे मी काय उघडलं ते तिलाही दिसेल. मग हुडकेश्वरला जाऊन ऋतूशी एकटीशी बोलणार. ती जर म्हणाली, माझं काहीच तुमच्याकडे ठेवू नका, तर क्लाउडवर जायच्या आधी तिच्यासमोर पुसून टाकणार.

आणि निखिलला आजच सांगणार की हे लग्न तुझ्या आईनं खोटं बोलून मोडलं. तो कारण विचारेल. हात जोडेल, चिडेल, कदाचित घर सोडून जाईल. तरी कारण मी सांगणार नाही. ते ऋतूचं आहे, सांगायचं तर ती सांगेल. एवढं मी पाळीन, बाबा.

तुम्ही जिच्यावर कधीच संशय घेतला नाही, ती
सुनंदा