मोडलेले हाड आणि माझे दोन चिरंजीव

मी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न दोन्ही मुलांनी केला. पण त्यांचे आपसांत जमले नाही म्हणून मी वाचले.

१) थोरला करसल्लागार. सरकारी रुग्णालये म्हणजे करदात्यांच्या पैशांची नासाडी, असे त्याचे मत. धाकटा मोफत उपचारांसाठी मोर्चे काढतो. माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षे देशाचा अर्थसंकल्प वाढला जातो आणि भाजी गार होते. सबब, ते टेबल दोघांना सामाईक.

२) गेल्या वर्षी दुकानाच्या पायरीवरून पडून माझा खुबा मोडला. रुग्णवाहिका आली. थोरला म्हणाला, "सरकारीत न्या. कर कशाला भरतो आपण?" धाकट्याने हळूच विम्याचे कार्ड काढले. "दादा, तिथे नको. तिथले हाल मला विचार!" मी स्ट्रेचरवर कण्हत होते, हे रस्त्यावर भांडत होते. शेवटी थोरली सून चालकाला म्हणाली, "यांचं चालू द्या. तुम्ही जवळ असेल तिथे चला." जवळ सरकारी होते.

३) तिथले सर्जन भला माणूस. ओशाळून म्हणाले, "आजी, खुब्यात बसवायचे स्क्रू संपलेत. यंदाची तरतूदही संपली. नवीन बजेट मंजूर झालं की लगेच करू."

"तोवर हाडाला काय सांगू?" मी विचारले.

थोरला कडाडला, "एवढासा खर्च सरकारला झेपत नाही?" धाकट्याने फाटकापाशी पत्रकार बोलावून निषेध केला. स्क्रू मात्र सुनेने शहर पालथे घालून आणले. तोवर उशीर झाला होता. मी लंगडते, ती तेव्हापासून.

४) काचा घासायचे यंत्र आणि दुकान माझ्या मदतनीस बाईला. ती गिऱ्हाइकाचे पूर्ण ऐकून घेते. हा गुण माझ्या पोटी आला नाही.

५) बँकेतली शिल्लक त्याच रुग्णालयाच्या हाडांच्या विभागाला, फक्त स्क्रूंसाठी. त्यातून समिती, फलक किंवा उद्घाटन यांवर काहीही खर्चू नये.

६) राहते घर थोरल्या सुनेला, एकटीच्या नावे. मुलांनी दावा लावू नये. लावायचाच असेल, तर दोघांनी मिळून एकच वकील करावा. सरकारी की खासगी, हे त्यांचे ठरेपर्यंत सूनबाई घरात सुखाने नांदेल.

साक्षीदार : रुग्णवाहिकेचे चालक (सही)
साक्षीदार : हाडांचे सर्जन (सही)
लिहून ठेवणार : चष्मेवाली (सही)
स्थळ : दुकानामागची खोली
तारीख : अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशीची