आबा, तुमचे खिम्याचे गोळे

आबा,

आज खिमा आणला होता. गोळे वळताना तुमचे हात आठवले. चौक गावच्या गॅरेजात दिवसभर ट्रकखाली पडून काम केलेले, घासलेट लावून धुतले तरी नखांतलं काळं न जाणारे. आई असताना रविवारी गोळ्यांचा रस्सा ती करायची. तुम्ही खिमा आणून द्यायचात आणि ओटीवर बिडी ओढत बसायचात. कावीळ होऊन ती गेली तेव्हा मी चौथीत होते, धाकटा भाऊ अजून शाळेतही जात नव्हता. पुढे कितीतरी महिने आत्या शेजारच्या घरातून डाळभात आणून द्यायची. आम्ही जेवायचो, पण ताटावर कुणी बोलत नसे.

मग एका रविवारी तुम्ही खिमा घेऊन आलात आणि थेट चुलीपुढे बसलात. आत्या म्हणाली, "दे इकडं, मी करते. तुला नाय जमायचं." तुम्ही मान हलवलीत. "माझ्या पोरांना मीच करून घालीन." त्या दिवशी रश्श्यात एक गोळा धड राहिला नाही. तुम्ही पातेल्यात पळी फिरवताय, फिरवताय, हाती काही लागत नाही. "आत हायत," तुम्ही म्हणालात, "जरा दमलेत." हसावं की नाही तेच आम्हाला कळेना. पुढच्या रविवारी तुम्ही डाळीचं पीठ इतकं घातलंत की गोळ्यांचे दगड झाले. भावानं भाकरीनं दाबला तसा त्याचा गोळा ताटातून उडाला, गडगडत दारातून ओटीवर आणि ओटीवरून अंगणात गेला. कुत्र्यानं हुंगला आणि तो मागं सरला. तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "ब्रेक नाय लागला." मग मात्र आम्हाला राहवेना. भाऊ हसून हसून आडवा झाला, मला ठसका लागला.

आवाज ऐकून आत्या आली. "आय जाऊन वरीस नाय झालं, आन हसताय?" भाऊ चटकन उठून बसला. तुम्ही हातातली भाकरी खाली ठेवलीत. "हसू दे गं. लय दिसांनी घरात आवाज आलाय." ती तशीच उभी राहिली, मग तोंडाला पदर लावून तिथंच खाली बसली. तुम्ही तिलाही एक गोळा वाढलात. ती तो खूप वेळ चावत होती.

नंतर गोळे हळूहळू मऊ झाले. माझं लग्न होऊन मी कर्जतला आले, तरी तुम्ही डबा घेऊन यायचात, एस.टी.त रस्सा सांडून लेंग्याला डाग पाडून. शेवटच्या आजारात तुमच्या घशाखाली पेजही उतरेना. मी रस्सा केला, गोळा कुस्करून चमच्यानं भरवला. तुम्ही घास कितीतरी वेळ गालात धरून ठेवलात. मग म्हणालात, "तुझ्या आयसारखा झालाय गं." मी नुसती मान डोलावली. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

हा कागद धाडायला पत्ता नाही, तो माझ्यापाशीच राहील. पण एक सांगायचं राहिलं होतं. आईच्या गोळ्यांची चव मला आठवत नाही. कधी विसरले तेही कळलं नाही. त्या दिवशीचा रस्सा मी तुमच्यासारखा केला होता, आबा. मला तेवढाच येतो.