‘अरे देवा!’चा खुलासा

इंदूर, मंगळवार

तीर्थस्वरूप मनोरमाताईस दिवाकरचा साष्टांग नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? बंगळुरूची हवा आणि सूनबाईची कॉफी मानवली असेलच. इथे सगळे मजेत आहेत (मी सोडून).

‘महिनाअखेरीस इंदूरला येतेय,’ असं तू फोनवर म्हणालीस आणि माझ्या तोंडून ‘अरे देवा!’ निघालं. तू फोन आपटलास, तो आठ दिवस उचलत नाहीस. सख्खी बहीण येणार म्हटल्यावर भाऊ कण्हला, असा अर्थ तू काढलास. अगं, हे अर्थ इतके सरळ असते तर काय हवं होतं! शिव म्हणजे मंगल. पण आपण ‘शिव शिव’ म्हणतो ते नाक दाबून. राम म्हणजे ज्याच्यात मन रमतं तो. तुझी भावजय सुलोचना ‘राम राम राम’ म्हणते ते करपलेली कढई बघून. शेजारच्या देवेंद्रजींच्या सियागंजातल्या दुकानात गिऱ्हाईक आलं की ‘राम राम भिया’, आणि घासाघीस केली की ‘हे राम!’ तेव्हा अर्थ लावताना प्रसंग बघावा.

प्रसंग असा. जाताना तू तुझा बाळकृष्ण माझ्याकडे ठेवलास. रोज आंघोळ, लोणी-साखर, सगळं केलं. मग महूचे काका गेले (कळवलं होतंच), आम्हाला सुतक आलं. देवाला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून तो देवेंद्रजींकडे दिला. चौथ्या दिवशी त्यांना नातू झाला, म्हणजे सोयर! त्यांनी तो गौतमपुऱ्याला आपल्या मेहुणीकडे, पूर्णिमाबाईंकडे पोचवला. त्यांना मूलबाळ नाही. सुतक फिटल्यावर आणायला गेलो, तर झबलं शिवलेलं, पाळणा टांगलेला. मी पिशवी पुढे केली. त्या हळूच म्हणाल्या, “भाईसाब, अभी तो सोया है.” तीनदा गेलो, तिन्ही वेळा तो झोपलेलाच. पोहे खाऊन परतलो. तुला काय तोंड दाखवायचं, या काळजीनं हल्ली बसल्या जागी बसवत नाही मला.

तर ताई, त्या दिवशी मी कण्हलो नव्हतो. मी त्यालाच हाक मारली होती.

तुझा,
दिवाकर

ता. क. : तू परस्पर गौतमपुऱ्याला जाऊन त्याला घेऊन ये. तू जरबेची, तुला जमेल.

ता. क. २ : नको, दोघं जाऊ. थंडीत त्याचे कान झाकायचे का, असं पूर्णिमाबाईंनी तुला विचारायला सांगितलंय. हे वाचून तुझ्या तोंडून कुठल्या देवाचं नाव निघालं आणि कसं, तेवढं कळव. त्यावरून बरोबर पिशवी घ्यायची की बाळंतविडा, ते ठरवतो.