भांडायला दुसरा हवा

मु. ईट

प्रिय कादरभाई,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं शास्त्रात बसत नाही. पण शास्त्राचा आणि माझा घरोबा तुम्हीच बिघडवलात, तेव्हा वाचा.

कारण नामदेव सुतार. थोरला भाऊ गेल्यापासून तो बोलत नाही, रंध्याला हात लावत नाही, विहिरीच्या काठावर जाऊन बसतो. सोनारीला भैरवनाथाकडं नेऊन आणलं. देवही काही बोलला नाही. शेवटी त्याची बायको सखू माझ्याकडं आली. "गुरुजी, तुमी दोघं जायचा तसं या की."

दोघं? एकाला तर गेल्या महिन्यात मातीत ठेवून आलो.

माझी पत्नी गेली तेव्हाचं आठवतं? मी दार लोटून पडलेला. गावानं मला गीता ऐकवली. मला, ज्याला ती पाठ! तुम्ही मात्र ओट्यावर पान चघळत म्हणालात, "शास्त्रीबुवा, फारसीपुढं तुमचं संस्कृत म्हणजे कच्चे चिंचोके." मी ताडकन उठलो आणि दुपारपर्यंत तुमच्याशी भांडलो. निजामाचं राज्य गेलं, तुमची कचेरीतली उर्दू गेली, तेव्हा तुम्हीही असेच अंधारात बसला होतात, हे नंतर कळलं.

पुढं आपण अशाच लोटलेल्या दारांपुढं जाऊन भांडायचो, घरधनी वैतागून मध्ये पडेपर्यंत.

आज एकटाच गेलो. विहिरीवर बसून दोन्ही बाजूंनी भांडलो. तुमची बाजू जरा पडती ठेवली, माफ करा. सखू घाबरून म्हणाली, "गुरुजी, तुमचं तरी बरं हाय न्हवं?"

नव्हतं. तुम्ही आधी जायचं आणि माझ्या दारात कोण भांडेल याची तजवीज करायची नाही, ही कुठली तहजीब?

तेवढ्यात नामदेव बोलला. "कादरसाहेब का न्हाय आले?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यानं पटक्याचं टोक तोंडाला लावलं. ते खाली करून म्हणाला, "मंग तुमी एकलेच ऱ्हाता व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "उद्या तूच ये माझ्याकडं. घर खायला उठतं."

त्यावर तो माझ्याबरोबर विहिरीवरून उठला.

तेव्हापासून मी आत-बाहेर करतो आहे. येईल का तो? उद्या ऊन ओट्यावर येईपर्यंत वाट पाहीन. नाही आला तर मी जाईन, परवाही जाईन. आणि आला तर भांडणार नाही, कादरभाई. त्याच्या भावाबद्दल विचारीन. मग तो बोलेल तेवढा वेळ, वचन देतो, हा शास्त्री गप्प बसेल.

तुमचाच,
नरहर