बाईसाहेबांच्या अंगठीचा दोरा

मी, विश्वजित हौसेराव शेलार, वय तेवीस, धंदा कायम असा नाही, राहणार कोपरखैरणे, नवी मुंबई, डोकं जागेवर असताना आणि कुणी दटावलेलं नसताना माझ्यामागे काय कुणाचं ते लिहून ठेवतो. उद्या न्हावा शेव्याहून कंटेनरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गुवाहाटीला चाललोय. मागच्या खेपेला सात महिने माझा पत्ता नव्हता, म्हणून आई म्हणाली, "जा, पण तुझ्या पसाऱ्याचं काय करायचं ते लिहून जा."

१. सायकल आणि टेपरेकॉर्डर धाकटी बहीण ज्ञानेश्वरी हिला. टेपरेकॉर्डरचं झाकण तिनंच मोडलंय. कबूल करत नाही, म्हणून इथं नोंद.

२. बूट मित्र केयूर याला. मोठे होतील, पुढे कापूस घालावा.

३. आता चित्र! खरं तर हेच आधी लिहायचं होतं, हात थांबत नाहीये.

पावणे इथं मारोतीच्या भंगाराच्या दुकानात मी महिनाभर होतो. एका जुन्या बंगल्याचं सामान आलं, त्यात हे होतं. मारोतीला फक्त सागवानी चौकट हवी होती. चित्राचं विचारलं तर म्हणाला, "ने तुला." मागे लिहिलंय, 'श्रीमंत बाईसाहेब, सन १८७८'. खुर्चीत बसलेली बाई, हिरवा शालू, नथ, गळाभर सोनं, बोटात टपोऱ्या खड्याची अंगठी. समोरच्या सोसायटीतले दिनानाथकाका बघून म्हणाले, "मान बघ कशी ताठ! याला म्हणतात घरंदाज रुबाब. आमच्या हॉलमध्ये पणजी म्हणून शोभेल रे." मी म्हटलं, रविवारी घेऊन जा.

शुक्रवारी आई वाशी मार्केटातून कांदा निवडून आली आणि चित्रावरची धूळ पुसायला बसली. एकदम ओरडली, "विशू, हिच्या अंगठीला खालून दोरा गुंडाळलाय."

"मग?"

"मग काय मग! ढिली हुती म्हणून गुंडाळलाय. अंगठी हिची न्हाई."

मी धावत केयूरकडून भिंग आणलं, त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करतात. दोराच! पांढरा, तीन वेढे, चिताऱ्यानं एकेक काढलेला! मनगटावर काळपट डाग. "त्यो तव्याचा चटका," असं म्हणून आईनं शेजारी स्वतःचा हात धरला. तस्साच! मी म्हटलं, पण मान एवढी ताठ? आई म्हणाली, "येवढं दुसऱ्याचं सोनं अंगावर. हलली आन् काय पडलं तर? दम धरून बसलीया बिचारी."

म्हणजे बघा! बाईसाहेब परक्या पुरुषासमोर बसणार नाहीत, म्हणून त्यांचे दागिने घालून घरातली कामवाली बसवली. हे माझं मत. पुरावा, दोरा.

मी विचारलं, तुला कसं कळलं? आईनं ट्रंकेतून लग्नाचा फोटो काढून दिला. भिंग लावलं. तिच्या अंगठीलाही दोरा. "पाटलीणबाईंचं समदं. फोटू निघंपतुर घातलं, मग काढून दिलं. तुमास्नी सांगायची लाज वाटायची."

४. फोटोतलं सोनं वडिलांनी विकून खाल्लं असं समजून मी नऊ वर्षं त्यांच्याशी धड बोललो नाही. तो राग आजपासून रद्द. सकाळी मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिची लाज झाकायची तर आळ कुणावर तरी यायचाच." आणि चहा प्यायले.

५. चित्र आई राजाबाई हिला. दिनानाथकाकांना दिलेला शब्द मी मागे घेतो. त्यांनी केव्हाही यावं, बघावं, पण 'आमची पणजी' म्हणून कुणाला दाखवू नये. शेजारी आईचा फोटो टांगावा. मागचं जुनं अक्षर खोडू नये. त्याच्याखाली आईनं सांगितलं तसं मी लिहिलंय, 'बसलेली बाई दुसरी.'

केयूरला बूट मिळतात म्हणून त्याची साक्ष चालत नाही म्हणे. काका संध्याकाळी चित्र न्यायला येतील, तेव्हा त्यांचीच सही मागणार. देतील का, माहीत नाही.

लिहून देणार: विश्वजित हौसेराव शेलार
कोपरखैरणे, रविवार, ८ डिसेंबर १९९६

साक्षीदार:
१. मारोती घरत, पावणे
२. दिनानाथ चौबळ. (रिकाम्या हाती परत चाललो आहे. दोरा मी स्वतः भिंगातून पाहिला.)