सहा भोकांचा पडदा

प्रिय संगप्पा,

पत्र बघून हसशील. खिशात फोन असताना ह्या रेवण्याला कागद कुठून सुचला, म्हणशील. फोनवर मी वेळ मारून नेतो रे, तुला माहीत आहे. कुणी काही नाजूक विचारलं की मी आधी एक विनोद सोडतो, मग चहा सांगतो, तोवर विचारणारा विसरून जातो. निम्मा धंदा मी असाच उभा केला. कागदाला चहा पाजता येत नाही.

इकडे भवानी पेठेत बरं चाललंय. तुझ्या जागी मशीन आणलं. एका दाबात सहाही भोकं पाडतं, कुरकुरत नाही, तंबाखू मागत नाही. पण त्याच्याशी बोलायचं काय? तू फवारणी पंपाचा पडदा, ती मऊ प्लास्टिकची चकती, चिंचेच्या ठोकळ्यावर ठेवायचास, भोक पाडायचा पंच उभा धरायचास आणि लाकडी हातोडीचा एकच ठोका. मऊ प्लास्टिक म्हणजे लबाड जात, असं तू म्हणायचास. दाबलं की सरकतं, सोडलं की मागं येऊन आपल्याला खोटं पाडतं. म्हणून तर तुझा नियम होता, की गुंडाळीतून काढलेली शीट रात्रभर शहाबादी फरशीवर मोकळी पसरायची. आवळून, ताणून आलेली असते, तिला आखडून घेऊ दे, मग हात लावायचा. मी घाई केली की 'निधान, रेवण्या, निधान', सावकाश, सावकाश, म्हणून कानडीत दटावायचास. तुझ्याकडं हात होता, माझ्याकडं कान. गल्ल्यावर पाठ करून बसलो तरी मी आवाजावरून सांगायचो, भोक स्वच्छ पडलं की कडेला तंतू लोंबतोय. चांगलं भोक 'टच्' वाजतं.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना आठव. पंप जुळवणाऱ्या मल्लिनाथला दोनशे पडदे हवे होते. आदल्या संध्याकाळी शुक्रवार पेठेत व्यापाऱ्यांनी माझा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, 'शून्यातून वर आलेला माणूस' वगैरे. शीट पसरायची पाळी माझी होती. मी शाल पांघरून फोटो काढून घेत बसलो आणि शीट साफ विसरलो. सकाळी तू यायच्या अर्धा तास आधी गुंडाळी उलगडली. तू आलास, फरशीकडं बघितलंस आणि विचारलंस, "रातभर पसरली हुती न्हवं?" मी म्हणालो, "व्हय की."

पहिला ठोका पडला आणि मला कळलं. 'टच्' नाही, 'थप्'. तूही थबकलास. पंचाची धार अंगठ्यावर बघितलीस आणि पुन्हा कामाला लागलास, कारण पसरलीय असं रेवण्यानं सांगितलं होतं. तेव्हा माझा एक शब्द पुरला असता. पण काल हार घालून घेतलेल्या माणसाला आज तुझ्या शिव्या खायच्या नव्हत्या. दिवसभर मी ते 'थप् थप्' ऐकत पावत्या फाडत राहिलो.

चौथ्या दिवशी मल्लिनाथ पिशवी घेऊन परत आला. शीट आखडली होती, भोकं अंड्यासारखी झाली होती, एकाही पंपाचे स्क्रू बसेनात. तो तुझ्यादेखत म्हणाला, "मामा, चष्म्याचा नंबर वाढवा की आता." आणि मी हसलो. वर म्हणालो, "असतंय, हात हलतो एखाद्या वेळी." तू पंच फडक्यात गुंडाळून माझ्यापुढं ठेवलास. "माझा हात गेला, रेवण्या," एवढंच. आठ दिवसांत तू माढ्याला, लेकीकडं. मी स्टँडवर सोडायला आलो आणि एसटीच्या खिडकीतून तुला डझनभर केळी दिली. सांगायचं होतं एक, आणि दिली केळी.

काल तुझी लेक अक्षता दुकानात आली होती. तिच्याकडून कळलं, की डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलंय, पण तू सुई हातात घेत नाहीस. नागव्वा वहिनीच टोचतात. त्या अक्कलकोटला बहिणीकडं गेल्या आणि अक्षता कामावर असली, की तुझा दिवस तसाच जातो. पायाची जखम महिनाभर भरत नाही म्हणाली. "काका, अप्पांना कितीदा सांगितलं, स्वतः टोचा म्हणून. तर म्हणतात, दोनशे पडदे नासवलेला हात हाय हा, ह्याच्यावर काय भरवसा?" तुम्ही तरी समजवा, एवढंच तिचं मागणं होतं. मी सवयीनं विनोद करायला तोंड उघडलं, पण निघाला नाही. म्हणून हे पत्र. संगप्पा, तुझा हात हलला नव्हता. त्या दिवसाचा प्रत्येक ठोका सरळ होता, मी सगळे ऐकलेत. शीट मी पसरलीच नव्हती. रविवारी येतोय. दार लावून घ्यायचं तर घे, शिव्या द्यायच्या तर दे, मी ओट्यावर बसून ऐकेन. पण उद्या सकाळी कुणाची वाट बघू नकोस. सुई तुझ्या हातानं टोच.

तुझाच, तू मानशील तर,
रेवणसिद्ध