सुजाच्या बी.पी.एड.साठी उचल

४ जून १९९४
सुजाचं नाव लागलं. बी.पी.एड., एक वर्ष, खानदेशातलं विनाअनुदानित कॉलेज. पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच पोरीने कागद पुढे केला. फी, होस्टेल, आणि खाली पेनाने वेगळं लिहिलेलं, 'इमारत निधी'. सगळं धरून पस्तीस हजार. २५ तारखेपर्यंत.
सुजाची आई मंदा म्हणाली, "कबड्डी शिकायला पस्तीस हजार? ती तर हिला येतेच की."
सगळे हसलो. दोन काजाची मशीनं, एक बटणाचं, एक शिलाईचं, चार कारागीर. एवढं उभं केलं, पण एवढी रक्कम एका हातात कधी धरली नाही.

६ जून
बँक. साहेबाने बसवून चहा पाजला, तेव्हाच कळलं की नाही म्हणणार. "इंजिनियरिंग असतं तर बघितलं असतं, गायकवाड. पीटीला कर्ज म्हणजे..." तारण विचारलं. कॅम्प ३ चा गाळा आहे म्हटलं. मालकीची सनद? म्हटलं, साहेब, आमच्या लाईनीत सनद कोणाकडे आहे? तोही हसला. हसून भागत असतं तर...

७ जून
बदलापूरच्या शाळेत पीटीच्या पँटींची मापं घ्यायला गेलो. शेलार सर तिथे पीटी शिकवतात. टेप त्यांच्या कमरेला असताना विचारून टाकलं, सर, पगार किती? "अठ्ठावीसशे. स्केलने."
घरी येईपर्यंत डोक्यात गणित. सुजाने निम्मे दिले तरी दोन-सव्वादोन वर्षांत मोकळे. मग भ्यायचं कशाला? मंदाला मच्छी आणायला लावली.

१० जून, शुक्र.
लाईट नाही, गाळा बंद. लछूशेठकडे गेलो. जीन्सचा निम्मा माल त्याचाच.
"साईं, बेटी पढ़ाना पुण्य का काम. ले जा. ब्याज भी नहीं."
व्याज नाही, भीती तिथेच आहे. उचल घेतली की फिटेपर्यंत दुसऱ्या शेठचा एक तुकडा गाळ्यात आणायचा नाही. भाव तो म्हणेल तो. मधेच रोख नेऊन दिले तरी घेत नाहीत, "काम में काटेंगे". सात वर्षं ह्याच्या बापाच्या उचलीत काढलीत. काजामागे पाच पैसे तोडले तरी मान खाली घालून 'हां शेठ'. सुटलो तेव्हा सुजा चौथीत होती.
विचार करून सांगतो म्हटलं. "सोच, सोच. आजकल सब सोचते हैं."

१४ जून
बदलापूर, पँटी पोचवल्या. ऑफिसबाहेर बिलासाठी बाकावर बसलो होतो. आत पगार चालला होता. नोटा मोजण्याचा आवाज मला कळतो, बाजारात आयुष्य गेलं. आधी क्लार्कने मोजल्या, सावकाश. मग सरांनी मोजल्या. मग पुन्हा क्लार्कने, थोड्याच, भराभर. ड्रॉवर बंद.
परत मोजायचं काय कारण?
सर बाहेर आले, माझ्याकडे न बघता चालू लागले. टपरीपाशी गाठलं. आधी उडवाउडवी. मग म्हणाले, "सही अठ्ठावीसशेवर. नेतो पंधराशे. बाकी संस्थेला. लागताना दिले ते वेगळेच."
"मग मला अठ्ठावीसशे का सांगितलंत?"
"तुम्ही पगार विचारलात. घरी किती नेता असं कुठे विचारलंत?"
बरोबर. आयुष्यभर शेठ लोकांना आडून विचारत आलो आणि मास्तरला सरळ विचारून फसलो. चहाचे पैसे त्यांनीच दिले. ते बघवेना.

१५ जून
घरी सांगितलं. पंधराशेतले निम्मे म्हणजे चार वर्षं. नोकरीला पुन्हा द्यावे लागले तर? ती दुसरी उचल.
सुजा ताटावरून उठली नाही, जेवत राहिली. म्हणाली, "बाबा, मी नाही अशी सही करणार."
"अगं, सगळे करतात."
"सगळे करतात म्हणून तर मागतात."
एकवीस वर्षांची आहे. पहिल्या उचलीच्या वेळी मीही असाच बोलायचो. तिला हे सांगितलं नाही.

१९ जून
भाव कमी केलाय शेठने. अजून उचल घेतलीही नाही! "सब का कम किया, साईं." खोटं. बाजूच्या गाळ्यात विचारलं, त्याचा नाही. मी घेणार हे माझ्याआधी त्याला कळलंय.
सकाळी सुजा मैदानावर पोरींना पकड शिकवत होती. रस्त्यापलीकडे थांबलो. एक पोर रडत होती, हिने खांदा दाबला, काहीतरी म्हणाली, पोर पुन्हा आत गेली. हे काम हिलाच येतं. पण त्याला भाव...

२३ जून
घेतले. पस्तीस. शेठच्या पोराने दोनदा मोजले. रिवाजाप्रमाणे मालाचा पहिला गठ्ठा त्याच दिवशी, आपल्याच खांद्यावरून न्यायचा. नेला. कॅम्प ३ च्या बाजारातून. ओळखीचे म्हणाले, "काय गायकवाड, परत लछूकडे?" हसून म्हटलं, पोरीच्या शिक्षणाची हमाली आहे.

२५ जून, कॉलेज, पायऱ्यांवर
हे इथेच लिहितोय.
खिडकीवर क्लार्क म्हणाला, फीची पावती मिळेल, निधीची नाही. मी पैसे सरकवतच होतो. सुजाने माझ्या मनगटावर हात ठेवला. "सगळ्याची पावती द्या. नाहीतर पावती देत नाही असं लिहून द्या."
रांगेतून कोणाचा तरी बाप म्हणाला, "बाई, आमचं तरी होऊ दे." क्लार्क मला म्हणाला, "समजवा मुलीला." समजवलं आणि ऐकली तर ती पुढेही ऐकेल, जिथे जाईल तिथे. नाही ऐकली तर गठ्ठा गाळ्यात पडलाय, शेठ रोख परत घेणार नाही, आणि पोर घरी.
प्राचार्यांनी तिला एकटीला आत बोलावलं. पैसे माझ्याकडेच, शर्टाच्या आत. खिडकी चारला बंद होते.
दार लोटलेलं आहे. तिचा आवाज येतोय, चढलेला नाही. मग त्यांचा. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिला बसायला दिली, की ते उठले?